चिखलदऱ्याची कॉफी

महाराष्ट्रात कॉफीच्या लागवडीचा विषय निघाला की बोट सह्याद्रीकडे जात नाही, सातपुड्याकडे जाते. अमरावती जिल्ह्यात गाविलगडच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदरा आहे. या पठारावर आणि त्याच्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या कॉफीची झाडे उभी आहेत. पंचबोल पॉइंटकडे जाणाऱ्या पर्यटकाला ती दाखवली जातात आणि ‘महाराष्ट्रात कॉफी पिकणारे एकमेव ठिकाण’ हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात सापडते. वाक्य कौतुकाने लिहिलेले असते. मात्र शंभर वर्षांहून जुनी ही लागवड एकमेवच का राहिली, तिचा पसारा का वाढला नाही, हे माहितीपत्रक सांगत नाही. खरे तर चिखलदऱ्याच्या कॉफीचा इतिहास या न वाढण्यातच आहे.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ जंगलातले. येमेनमध्ये त्याची शेती झाली, मोखा बंदरातून त्याच्या बिया जगभर गेल्या. अरबी व्यापाऱ्यांशी जुना संबंध असलेल्या पश्चिम किनाऱ्याला हे पेय लागवडीच्या कितीतरी आधी माहीत होते. भारतात झाड कसे आले याबद्दलची कथा बाबा बुदन या सुफी संताची आहे. हजहून परतताना त्यांनी मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. कथेत साल १६७० दिले जाते. सात हा आकडा आणि लपवाछपवीचा तपशील दंतकथेला शोभणारा आहे, पण डोंगराचे नाव बाबाबुदनगिरी पडले ते आजतागायत आहे आणि म्हैसूरच्या मलनाडात कॉफी परसदारी होती, याबद्दल वाद नाही. व्यापारी मळे आले ते इंग्रजी अमलात, १८२० नंतर. चिकमगळूर, मंजराबाद, वायनाड, कूर्ग, निलगिरी, शेवरॉय या सगळ्या टापूंत पुढच्या चाळीस वर्षांत जंगल तोडून मळे उभे राहिले. कूर्गमध्ये पहिला युरोपीय मळा मडिकेरीजवळ १८५४ मध्ये निघाला आणि दहा-पंधरा वर्षांत तिथले डोंगर ओळखू येईनासे झाले.

म्हणजे दक्षिणेत मळे फुटत होते त्याच दशकांत सातपुड्यावर इंग्रज अधिकारी येऊन पोहोचले होते. त्यांच्या येण्याला कारण होते ते मात्र शेतीचे नव्हे, लष्कराचे.

गाविलगडचा किल्ला बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये बांधला, अशी नोंद आहे. नाव गवळ्यांवरून आले. गुरे राखणारी ही जमात या डोंगरात पूर्वापार आहे. वऱ्हाडच्या इमादशाहीत किल्ल्याची डागडुजी झाली, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो हल्ला करून घेतला आणि लगेच दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र भोसल्यांकडेच राहिले आणि १८२२ च्या तहाने तेही निजामाला मिळाले. दुसऱ्याच वर्षी, १८२३ मध्ये, हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदऱ्याचे पठार शोधून काढले, असे सगळे जुने-नवे लेखक लिहितात. शोधून काढले म्हणजे इंग्रजांच्या नकाशावर आणले. पठारावर गवळी होते, उतारावर कोरकू होते आणि कीचकाला मारून भीमाने ज्या दरीत फेकले ती ही कीचकदरा, ही कथा सांगणारे लोक रॉबिन्सनच्या फार पूर्वीपासून तिथे नांदत होते.

रॉबिन्सन ज्या फौजेत होता ती पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. मराठवाड्याच्या वाचकाला हे नाव परके नाही. याच फौजेची एक छावणी परभणीच्या शेजारी हिंगोलीला होती, दुसरी एलिचपुराजवळ परतवाड्याला. सेलू, परभणी, हिंगोली हा गोदावरी-पूर्णेचा काळा पट्टा आणि चिखलदरा ज्यांत आहे ते मेळघाटचे डोंगर हे दोन्ही तेव्हा एकाच निजामी राज्यात होते. हिंगोलीच्या उन्हात होरपळणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला आणि परतवाड्याच्या त्याच्या जोडीदाराला थंड हवेची जागा हवी होती. परतवाड्याहून घाट चढून गेले की हवेत लगेच फरक पडे. चिखलदरा वसले ते या गरजेतून.

कंटिंजंटचा खर्च निजामाच्या माथी होता आणि तो थकत गेला. या थकबाकीपोटी मे १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीने वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दोआब हे प्रांत कंपनीच्या ताब्यात घेतले. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत गेले, वऱ्हाड गेले नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर कायमचे इजाऱ्याने घेतले. कागदावर मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही विचित्र व्यवस्था स्वातंत्र्यापर्यंत चालली. एकाच राज्याचे दोन तुकडे झाले. सेलू-परभणी हैदराबादच्या जुन्या चाकोरीत राहिले. चिखलदऱ्याला मात्र कमिशनर, सर्किट हाउस, बंगले, पॉइंट आणि गिर्जाघर असा थंड हवेच्या ठिकाणाचा सगळा सरंजाम मिळाला.

असल्या ठिकाणी बंगल्याभोवतीची बाग हा सरंजामाचा भागच असे. गुलाब, लिली, नेचे, बटाटे, विलायती भाजी, जे जे खालच्या मैदानात होत नाही ते ते इथे लावून बघायचे. चिखलदऱ्याच्या बटाट्याची तारीफ एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटिअरांत आढळते आणि चहाचे झुडूप इथे चांगले धरते, असेही त्यांत म्हटले आहे. महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सरकारने याच काळात सिंकोना लावून पाहिला होता. तो प्रयोग फसला. एखादे उपयोगी विदेशी झाड डोंगरावर रुजते का, हे पाहण्याची ही सार्वत्रिक हौस होती. तिला सरकारी पाठबळ मिळाले की प्रयोग होई, भांडवल मिळाले की मळा होई आणि दोन्ही नसले की ते झाड बागेतच राही.

चिखलदऱ्याच्या कॉफीला यांपैकी काहीच मिळाले नाही. तिला आश्रय मिळाला मिशनचा. स्थानिक परंपरा इथल्या कॉफीचे श्रेय फादर थेवेनेट या रोमन कॅथलिक धर्मगुरूला देते आणि काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा सांगते. चिखलदऱ्याला लागून असलेली मरियमपूर ही वस्ती या मिशनची. नागपूर-कामठी भागात फ्रेंच कॅथलिक मिशनरी १८४० च्या दशकापासून काम करत होते. वऱ्हाड आणि मेळघाट हे त्यांच्या कामाचे पुढचे क्षेत्र. शतक संपता संपता, १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. दुसरा लोकांच्या तोंडी ‘छपन्नचा दुष्काळ’ म्हणून राहिला, कारण विक्रम संवत १९५६ होते. मेळघाटात त्याची झळ फार मोठी होती. मध्य भारतातल्या बहुतेक मिशनांभोवती या वर्षांत अनाथ मुले आणि निराधार कुटुंबे जमली आणि त्यांना अन्नाबरोबर कामही द्यावे लागले.

अशा वस्तीला कॉफीसारखे झाड सोयीचे का, हे झाडाकडे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. चिखलदऱ्यात आहे ती अरेबिका जातीची कॉफी. रोप लावल्यापासून तीन-चार वर्षांनी पहिले फळ येते आणि नीट राखले तर झाड पन्नास वर्षे देते. मोकळे सोडले तर ते दोन पुरुष वाढते. म्हणून कमरेएवढे झाले की शेंडा खुडतात आणि पुढे छातीच्या उंचीवर थांबवतात. आडव्या फांद्या समोरासमोर फुटतात, पाने गर्द हिरवी व चकचकीत असतात. उन्हाळ्यात पानांच्या बेचक्यात कळ्यांचे झुबके येऊन थांबतात. एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत सारी फांदी पांढऱ्या फुलांनी भरते आणि जाईच्या जवळपास जाणारा वास सुटतो. फुले दोन-तीन दिवसांत गळतात. मग आठ-नऊ महिने फळ पोसत राहते. हिरवे, पिवळसर, शेवटी बोरासारखे लाल. तोडणी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत.

लाल फळ दोन बोटांत दाबले की साल फुटते आणि बुळबुळीत गराने माखलेल्या दोन बिया बाहेर येतात. त्या सपाट बाजूंनी एकमेकींना चिकटलेल्या असतात. गर गोडसर लागतो, पोरे तो चोखून टाकतात. बीवर कागदासारखे टरफल असते, त्याच्या आत चंदेरी रंगाची पातळ साल आणि तिच्या आत करड्या-हिरव्या रंगाचा दाणा. या दाण्याला कॉफीचा वास मुळीच नसतो. तो भाजल्यावर येतो. एखाद्या फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा भरतो, तो बाजारात वेगळा निवडून विकतात.

दाणा काढण्याच्या रीती दोन. मोठ्या मळ्यांत फळ यंत्राने सोलतात, दाणे हौदात दीड-एक दिवस आंबवून गर सुटा करतात, धुऊन वाळवतात. याला पाणी भरपूर लागते. दुसरी रीत गरिबाची. फळ तसेच्या तसे अंगणात पसरायचे, रोज खालीवर करायचे आणि दोन आठवडे ऊन द्यायचे. वाळून काळे, खुळखुळते झाले की कांडून टरफल काढायचे. पाच-सहा किलो फळापासून एक किलो दाणा मिळतो. या कामांत नांगर नाही, बैल नाही, मोट नाही. खुडणे, वेचणे, पसरणे, निवडणे ही बायकापोरांच्या हातची कामे आहेत आणि ती ऐन हिवाळ्यात, खरिपाची कापणी उरकल्यावर येतात. माल टिकाऊ, वजनाने हलका, घाट उतरवायला सोपा. डोंगरावरच्या छोट्या वस्तीसाठी याहून सोयीचे नगदी पीक सांगणे अवघड. चिखलदऱ्याला आणखी एक गोष्ट अनुकूल आहे. पावसाळा सरला की इथले आकाश निरभ्र असते, त्यामुळे वाळवणीला ऊन कमी पडत नाही. वायनाडच्या मळेवाल्याला परतीच्या पावसाची धास्ती असते, ती इथे फारशी नाही.

पण हेच निरभ्र आकाश झाडाच्या मुळावर येते. चिखलदऱ्याला वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस होतो. आकडा कॉफीला पुरेसा वाटतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो. खाली बेसाल्टचा खडक आहे, वर मातीचा थर फार नाही. पाणी पठारावर थांबत नाही, दऱ्यांतून उतरते आणि चंद्रभागा नदी ते वऱ्हाडातल्या पूर्णेकडे, सिपना तापीकडे घेऊन जाते. म्हणून तर इथे शक्कर तलाव, बीर तलाव राखावे लागले. ऑक्टोबर ते जून झाडाला साठवणीच्या ओलाव्यावर दिवस काढावे लागतात. मलनाडात तसे होत नाही. तिथे मार्च-एप्रिलमध्ये सरी येतात. मळेवाले त्यांना फुलांचा पाऊस म्हणतात आणि त्यानंतर महिनाभरात येणाऱ्या सरींवर फळ धरते की नाही हे ठरते. पहिली सर पुरेशी झाली नाही तर कळ्या अर्धवट उमलून करपतात. तुकड्यातुकड्यांनी पाऊस आला तर एकाच झाडावर फूल, हिरवे फळ आणि पिकले फळ एकत्र दिसते, मग तोडणीचा खर्च दुप्पट होतो. सातपुड्यावरचा वळीव बेभरवशाचा. तो आला तर आला, आणि येतो तेव्हा वादळ व गारा घेऊन येतो. त्यात उन्हाळ्यात पारा पस्तिशी ओलांडतो आणि हिवाळ्यात काही रात्री पाच अंशांजवळ उतरतो. अरेबिकाला मानवते ती साधारण पंधरा ते पंचवीस अंशांची हवा.

उंची आणि पाऊस हे दोन आकडे जुळले म्हणजे पीक जुळले, असे नसते, याचे चिखलदरा हे उत्तम उदाहरण आहे. झाड जगते, फुलते, फळतेही. फक्त दर वर्षी, भरवशाने, विकण्याइतके फळत नाही. सेलू-परभणीत तर तेही व्हायचे नाही. उंची चारशे मीटरांच्या आसपास, पाऊस आठ-नऊशे मिलिमीटर, उन्हाळा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा आणि जमीन काळी, चुनखडीची. कॉफीला किंचित आम्ल आणि निचऱ्याची माती लागते. कापूस-ज्वारीच्या रानात तिची मुळे पावसाळ्यात कुजतील आणि उन्हाळ्यात भेगांत तुटतील.

चिखलदऱ्यात झाड तगले ते सावलीमुळे. हिंदुस्थानातली कॉफी सावलीतली आहे आणि ब्राझीलच्या उघड्या मळ्यांहून ती इथेच वेगळी पडते. दक्षिणेत सावली दुमजली असते. खाली पांगारा, वर उंबर, फणस, सिल्व्हर ओक. पांगारा पावसाळ्यात छाटून उजेड आत घेतात आणि उन्हाळ्यात वाढू देतात. पालापाचोळा जमिनीवर पडून ओल धरतो. मेळघाटात सागाचे जंगल आहे आणि साग ऐन गरजेच्या वेळी, फेब्रुवारी ते मे, निष्पर्ण उभा असतो. कॉफीला त्याचा उपयोग नाही. म्हणून इथली झाडे दिसतात ती आंबा, जांभूळ अशा सदाहरित झाडांच्या आसऱ्याने, दरीच्या ओलसर कडांवर आणि जुन्या बंगल्यांच्या आवारांत. अशी जागा पठारावर मुळातच थोडी.

तरीही हवामान हे एकच कारण धरले तर इतिहास अर्धाच कळेल. शेवरॉयवर किंवा निलगिरीच्या कोरड्या उतारांवरही परिस्थिती फार सुखाची नव्हती, पण तिथे मळे झाले. मळ्याला जमीन, मजूर आणि भांडवल लागते. मेळघाटात या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच कुणाच्या तरी होत्या.

जमीन जंगलखात्याची होती. रेल्वेसाठी स्लीपर हवे होते, सागाला मागणी होती आणि १८६० च्या दशकापासूनच बैरागड, गुगामळ हे जंगलाचे पट्टे सरकारने राखून ठेवायला सुरुवात केली. १८८६ मध्ये वऱ्हाडचा स्वतंत्र जंगल कायदा आला. कूर्ग-वायनाडात सरकार पडीक म्हणून ठरवलेली जमीन मळेवाल्यांना सवलतीने देत होते, इथे तेच सरकार झाडाला हात लावू देत नव्हते. एकाच साम्राज्याची दोन डोंगरांवर दोन धोरणे होती, आणि दोन्ही महसुलासाठीच.

मजूर कोरकू. त्यांची भाषा मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची नातलग आणि त्या कुळाची सगळ्यांत पश्चिमेकडची शाखा. फिरती शेती, मोह, तेंदू, मध, डिंक यांवर त्यांचे वर्ष चाले. जंगल राखीव झाल्यावर फिरती शेती आक्रसली आणि त्यांना जंगलखात्याच्या तोडणीला, रस्त्याला जावे लागले. म्हैसूर-कूर्गच्या मळ्यांवर मैदानातून मजुरांच्या टोळ्या आणणारे मेस्त्री होते. ते उचल देऊन माणसे बांधून घेत आणि उचल घेऊन पळालेल्या मजुराला १८५९ च्या कायद्याने तुरुंगाचे भय असे. मळ्यांची भरभराट या यंत्रणेवर उभी होती, हे कॉफीच्या सुगंधी वर्णनांत सहसा येत नाही. मेळघाटात अशी यंत्रणा उभी राहिली नाही. कोरकूंच्या वाट्याला हाल आले नाहीत असा याचा अर्थ नव्हे. ते जंगलखात्याच्या आणि सावकाराच्या मार्गाने आले.

भांडवलाचे तर विचारायलाच नको. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानी कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि वऱ्हाड त्याचे केंद्र झाले. रेल्वे अमरावतीपर्यंत आली, १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची शाखा उघडली. घाटाखाली एका हंगामात पैसा दुप्पट होत असताना घाटावर चार वर्षे फळाची वाट पाहणारा गुंतवणूकदार कोण? तोच प्रकार पुढे गोदावरीच्या खोऱ्यात झाला. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद हा मीटर गेजचा मार्ग झाला आणि सेलू, मानवत, परभणी येथे कापसाच्या पेठा, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. मराठवाड्याच्या आणि वऱ्हाडच्या व्यापाऱ्याची सगळी बुद्धी, सगळी पत रुईच्या गाठीत गुंतली. कॉफीला चिखलदऱ्यात ना शेटजी मिळाला ना कंपनी.

वेळही चुकली. १८६९ मध्ये सिलोनच्या कॉफीवर तांबेरा पडला. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके येतात, पान गळते, दोन-तीन हंगामांत झाड खराट्यासारखे होते. सिलोनचा कॉफीधंदा त्यात बुडाला आणि तिथे चहा आला. दक्षिण भारतातही तांबेऱ्याने आणि खोडकिड्याने मळे बसले. तग धरली ती सावली राखणाऱ्यांनी. पुढे १९११ मध्ये केंट या मळेवाल्याच्या मळ्यात रोगाला काही काळ दाद न देणारे वाण सापडले, १९२५ मध्ये बाळेहोन्नूरला संशोधन केंद्र निघाले आणि १९४० च्या दशकात तिथल्या एस. ७९५ या वाणाने अरेबिकाला पुन्हा उभे केले. दुसरीकडे १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राझीलमध्ये माल इतका झाला की जगभर भाव कोसळले. म्हणजे मरियमपूरची झाडे लागली म्हणतात त्या सुमारास जाणता मळेवाला कॉफीतून अंग काढून घेत होता. मिशनला नफ्याचा हिशेब नव्हता, म्हणूनच कदाचित ती लागली आणि राहिली.

त्यानंतर कॉफीचा कारभार बंगलोरहून चालू लागला. १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसला, त्याच्या पैशातून प्रचार सुरू झाला आणि १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. युद्धात युरोपची गिऱ्हाइके तुटल्यावर १९४२ चा कायदा झाला. कॉफी मंडळाकडे माल द्यायचा, मंडळाने विकायचा, पैसे हप्त्यांनी घ्यायचे, अशी पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. चिखलदऱ्याचा माल या हिशेबात जाणवण्याजोगा नव्हताच. आजही देशाच्या उत्पादनात कर्नाटकाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, मग केरळ, तमिळनाडू, आंध्रचे अराकू खोरे, ओडिशा आणि ईशान्येची राज्ये यांची नावे येतात. महाराष्ट्राचे नाव त्या यादीत शोधावे लागते.

चिखलदऱ्याच्या कॉफीला घरचे गिऱ्हाईकही मिळाले नाही. मराठी माणूस चहाचा. आणि चहा तरी किती जुना? १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींनी चहा घेतला म्हणून ग्रामण्य झाले आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. मिशनच्या अंगणात वाळलेली कॉफी त्या काळी एलिचपूरच्या सोवळ्या घरात कशी पोहोचली असती? पुढच्या पन्नास वर्षांत चहा प्रत्येक चुलीवर गेला. कॉफी मात्र पाहुण्यांची, रात्रीच्या बैठकीची, लग्नघरातली राहिली. दुधात उकळलेली, साखर सढळ आणि वरून जायफळ किसलेले. दक्षिणेकडच्या गाळणीच्या कॉफीशी तिचे फारसे नाते नाही. चिकोरी मिसळलेली डब्यातली पूड आणि नंतर झटपट विरघळणारी कॉफी यांनी जायफळाच्या या प्रकाराचे सहज भागत असे. मग दाणा कुठल्या डोंगरावरचा, याची चौकशी कोण करणार? सेलूच्या बाजारपेठेतही कॉफी आली ती बाटलीतून आणि पुड्यांतून, सातपुड्यावरून नव्हे.

१९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट आले आणि १९८७ मध्ये गुगामळ राष्ट्रीय उद्यान झाले. त्यानंतर लागवड वाढवायला जागा मिळण्याचा प्रश्नच मिटला. चिखलदरा नगरपरिषद राज्यातल्या सगळ्यांत लहान नगरपरिषदांपैकी एक आहे, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच हजारांच्या घरात होती. गावाचा संसार पर्यटनावर चालतो. जुलै ते जानेवारी ढग, धुके आणि धबधबे बघायला लोक येतात, त्यांत मराठवाड्यातले असतात तसे मध्य प्रदेशातलेही. कॉफीची बाग त्यांना वाटेत लागते. पुष्कळांना लाल फळ दाखवून सांगावे लागते की कॉफी ती हीच.

अलीकडच्या वर्षांत मोथा आणि आसपासच्या गावांत स्ट्रॉबेरी आली. मोथा गवळ्यांचे, दूध-खव्यासाठी नावाजलेले. रोप ऑक्टोबरमध्ये लावावे, डिसेंबरमध्ये फळ रस्त्याच्या कडेला मांडावे आणि मार्चपर्यंत पैसे मोकळे करावेत, असा हा हिशेब आहे. थंडी तिला हवीच असते आणि ठिबकचे पाणी चार-पाच महिनेच द्यावे लागते. पठाराच्या हवामानाशी तिचा मेळ कॉफीपेक्षा चांगला बसतो, हे शेतकऱ्याने कोणत्याही अहवालाविना ओळखले. कॉफीचे तसे नाही. तिला नव्याने लावायचे तर आधी सावलीची झाडे वाढवावी लागतील, उन्हाळ्यात फुलाच्या वेळी एक-दोनदा तुषार सिंचनाने कृत्रिम सर द्यावी लागेल आणि जुनी खोडे जमिनीपासून फूटभरावर छाटून नवे फुटवे घ्यावे लागतील. दक्षिणेतले मळे हे सगळे करतातच. तांबेऱ्याला तोंड देणारी कावेरी, चंद्रगिरी ही वाणेही आज उपलब्ध आहेत. प्रश्न पाण्याचा आहे. ज्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत माणसांना जपून पाणी वापरावे लागते, तिथे नेमके त्याच महिन्यांत पाणी मागणारे हे झाड आहे. म्हणून आहेत ती झाडे मिशनच्या आवारात, जुन्या बागांत आणि दरीच्या कडेला आहेत तिथेच फुलतात आणि त्यांचा दाणा बहुतेक चिखलदऱ्यातच संपतो.